पाय उचलायचा नाही

लहानपणी मला चालण्याबद्दल एकच शिकवण मिळाली, ती म्हणजे पाय उचलून चालायचं. आई म्हणायची, "पाय काय ओढतेस म्हातारीसारखी? चपला झिजतात." शाळा इंग्रजी माध्यमाची, सिस्टर लोकांची. तिथे हेच इंग्रजीत ऐकायला मिळे. स्पोर्ट्‌स डेच्या मार्च-पास्टला पी.टी.च्या मिस कडेला उभ्या राहून ओरडायच्या, "नीज अप, गर्ल्स, नीज अप!" माझा डावा हात डाव्याच पायाबरोबर पुढे जात असे, त्यामुळे मला शेवटच्या रांगेत मधोमध लपवलं जाई. पण गुडघे मात्र मी उचलत असे. डावं-उजवं चुकलं तरी गुडघा वर, एवढं अंगात पुरतं भिनलं होतं.

मग मी शिकायला दक्षिण कॅलिफोर्नियात आले आणि तिथल्या काकांनी पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं, "समुद्रात शिरताना पाय उचलायचा नाही."

हे काका म्हणजे बाबांचे कॉलेजातले मित्र. इंजिनियर. सुट्टी लागली की मी होस्टेलवरून त्यांच्याकडे जायची. त्यांच्या घरापासून समुद्र गाडीने जवळ होता आणि त्या समुद्रात काकांना एकदा स्टिंगरे डसला होता. डसला असं मी म्हणते. काका दर वेळी दुरुस्त करायचे, "चावत नाही, डसत नाही, टोचतो. शेपटीला काटा असतो." ताटाएवढा सपाट मासा. उन्हाळ्यात उथळ, कोमट पाण्यात तळाशी वाळू अंगावर घेऊन पडून राहतो. आपलं पाऊल त्याच्यावर पडलं की शेपटी फिरवतो आणि काटा घुसतो.

"मासा वाईट नाही," काका सांगायचे. "घाबरट आहे. आपण कुणाला दिसू नये म्हणून वाळू पांघरून बसतो बिचारा. तुझ्यासारखा."

सगळे हसायचे. मीही हसायची, कारण त्यांच्याकडे चार माणसं जमली की मी रबर प्लांटच्या मागच्या खुर्चीत सापडते हे सर्वांना ठाऊक होतं.

त्यावर उपाय एकच. पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही. तळवे वाळूला टेकलेलेच ठेवायचे आणि घासत, सरकवत पुढे जायचं. वाळू हलते, माशाला चाहूल लागते, तो आधीच निघून जातो. "दार वाजवून घरात जावं तसं पाय वाजवून समुद्रात जायचं," हे काकांचं वाक्य. किनाऱ्यावरच्या पाटीवर ह्याला 'शफल' म्हटलं होतं. मला शफल म्हणजे पत्ते पिसणं एवढंच माहीत. काकांनी माझ्याकडून हॉलमधल्या जाड कार्पेटवर प्रॅक्टिस करून घेतली. मी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाय घासत गेले आणि दाराच्या पितळी मुठीला हात लावला तर सटकन शॉक बसला. कार्पेटवर पाय घासले की तिथल्या कोरड्या हवेत अंगात वीज साठते, हेही काकांनी समजावून सांगितलं. आधी नाही, नंतर.

आता मुलाबद्दल. तिशीला आलेला, दोन डिग्र्या घेतलेला, वर उत्तरेला क्युपर्टिनोत कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेला, स्वतःची गाडी चालवणारा माणूस लग्नाच्या बाजारात मात्र 'मुलगा'च असतो, म्हणून मीही मुलगाच म्हणते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला तो काकांच्या गावी आला होता. कार्यक्रम संपल्यावर लोक गप्पा मारत उभे होते आणि हा एकटाच कुणी न सांगता खुर्च्या मिटून भिंतीला लावत होता. मीही एकटीच कागदी डिश गोळा करत होते. आम्ही एकाच युक्तीने लोकांपासून लपलेले दोघं, असं मला वाटलं. काकूंनी ते लांबून पाहिलं आणि पुढच्या रविवारपासून फोन सुरू झाले.

फोन काकूंच्या स्वयंपाकघरात होता. त्याची गुंडाळीची वायर ताणून मी शेजारच्या कोठीच्या खोलीत जायची आणि तांदळाच्या पोत्यावर बसून बोलायची. बोलायची म्हणजे 'हं' म्हणायची. तोही 'हं' म्हणायचा. लाँग डिस्टन्सचे पैसे त्याचे. एकदा आम्ही इतका वेळ गप्प बसलो की त्याने विचारलं, "आहेस ना?"

"आहे."

"बरं वाटलं," तो म्हणाला.

त्यानंतर काही दिवस मला अभ्यास सुचला नाही. पण काकूंनी विचारलं, "काय गं, कसा वाटतो?" तेव्हा मी म्हटलं, "ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे काय? भाजी आहे का ती?"

माझ्या मनात काय आहे हे मी काकूंना सांगितलं नाही, आईला पत्रात लिहिलं नाही, आणि मुलाला तर नाहीच नाही. आणि तरी सगळं पक्कं झालं होतं, एक गोष्ट सोडून. मुलाची आई नागपूरहून त्याच्याकडे आली होती. त्याने तिला सांगितलं होतं, "तू एकदा बघून घे. तुझं हो, तर माझं हो." आता सगळं त्या एका होकारावर अडलं होतं.

दाखवण्याचा कार्यक्रम समुद्रावर करायचा ही काकूंची कल्पना. "पोहे, पदर, खाली मान, असलं काही नाही," त्या म्हणाल्या. "साधी पिकनिक. त्या मॉडर्न आहेत. शाळेत मुख्याध्यापिका होत्या." मुख्याध्यापिका ऐकल्यावर मी आधी नखं कापली.

काय घालावं ह्यावर दोन दिवस गेले. साडी वाळूत हास्यास्पद, जीन्स फारच अमेरिकन. शेवटी पंजाबी ड्रेस ठरला, आकाशी रंगाचा, म्हणजे समुद्रापुढे मी दिसणारच नाही अशी माझी आशा होती.

जाताना गाडीत काकूंनी काकांना बजावलं, "आणि हे बघा, तो तुमचा मासा आज काढायचा नाही."

"अगं, सेफ्टीचा प्रश्न आहे."

"सेफ्टी तुमच्याजवळ ठेवा. त्या बाईंनी समुद्र पाहिलाय तो मुंबईला विमान पकडताना टॅक्सीतून. मागच्या वेळी तुमची गोष्ट ऐकून त्या पाहुण्यांनी बाथटबमध्येसुद्धा पाय ठेवला नव्हता. शिवाय ह्या कट्टर शाकाहारी. डबे उघडायच्या आधी मासा मासा नको." मग मागे वळून माझ्याकडे बघत, "तूसुद्धा."

मला सांगायची काही गरज नव्हती. गप्प बसणं हीच तर माझी पात्रता.

मुलाची आई लहानखुरी आणि ताठ होती. कॉटनची साडी, त्यावर मुलाचं निळं विंडचीटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला थर्मास. थर्मासमध्ये उकळलेलं पाणी. घशासाठी त्या फक्त गरम पाणी प्यायच्या आणि भर उन्हात वाळूवर बसूनही फुंकर मारत पीत होत्या. मी नमस्कार केला. मुलगा म्हणाला, "हाय." मी म्हटलं, "हाय." आणि काका त्याला कणसं भाजायला शेगडीकडे घेऊन गेले.

"मराठी वाचता येतं?" मुलाच्या आईनं विचारलं.

"येतं, मावशी. सावकाश."

"लिहिता?"

"अजून सावकाश."

"खरं बोलतेस, बरंय," त्या म्हणाल्या. मला मार्क मिळाला की कापला गेला ते कळेना.

काकू म्हणाल्या, "जा गं, पाय भिजवून ये. तोवर आम्ही गप्पा मारतो." म्हणजे तोवर तुझ्याबद्दल बोलतो. मी उठले. सलवार घोट्याच्या वर दुमडली आणि पाण्याकडे निघाले. चांगली चालले असणार, कारण कोरड्या वाळूत आपण सगळेच सारखे वेंधळे दिसतो. लाटेला पाय लागला तेवढ्यात मागून शेगडीजवळून काकांची हाक आली.

"पाय! पाय!"

मासा हा शब्द काढायचा नव्हता, म्हणून काकांनी तेवढाच शब्द काढला. मला कळलं. मी ताबडतोब तळवे वाळूला चिकटवले आणि घासत, सरकवत, लाटांतून बाजूबाजूने जाऊ लागले. उजवा पाय ओढला, डावा ओढला. अगदी कार्पेटवर शिकवल्याप्रमाणे. थोडं पुढे गेल्यावर मी सहज वळून पाहिलं.

काकू डब्यांशी वाकल्या होत्या. मुलाची आई मात्र माझ्याकडे बघत होती. "पाय! पाय!" त्यांनीही ऐकलं होतं. त्यांच्या डोळ्यांना काकांची दुर्बीण होती. काकांनी ती लांबची जहाजं बघायला दिलेली. जहाजं क्षितिजावर होती आणि दुर्बीण माझ्या घोट्यांवर.

आमच्या आयांच्या वेळी मुलगी बघायला आलेली मंडळी तिला उगीच काहीतरी आणायला आत पाठवत, तिची चाल बघायला. माझ्या आईला पाणी आणायला सांगितलं होतं आणि ती इतकी भराभरा गेली की अर्धं पाणी सांडलं, ही आमच्या घरातली आवडती गोष्ट. ती गोष्ट मला पॅसिफिक महासागरात घोट्यापर्यंत उभी असताना आठवली. आणि मग हेही लक्षात आलं की ज्यांना माशाबद्दल काही माहीत नाही त्यांना मी कशी दिसत असेन.

मी परत येऊन सतरंजीवर बसले. नेमक्या काकू चटणी गाडीत राहिली म्हणून पार्किंगकडे गेल्या. आम्ही दोघीच उरलो. मुलाच्या आईने दुर्बीण खाली ठेवली, तिचा पट्टा नीट गुंडाळला.

"पायाला काही लागलंय का गं?"

"नाही, मावशी."

"लहानपणी काही आजारपण? मोठं?"

मी विचार करून म्हटलं, "गोवर."

"गोवर पायात उतरत नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज मऊ करून, "हे बघ, असलं तर सांगावं. लपवण्यासारखं त्यात काही नसतं. आमच्या शाळेत एक शिक्षिका होत्या, पोलिओ झालेला. मी त्यांना खालच्या मजल्यावरचे वर्ग दिले. पण त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

आता एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य मनात तयारही केलं. पण स्टिंगरेला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मासा म्हणायला काकूंची बंदी होती. आणि 'मी मुद्दामच तशी चालत होते' हे सुरुवातीला आलं की पुढचं कुणी ऐकेल का, अशी शंका होती. हे सगळं मी तोलून बघेपर्यंत बोलायची वेळ निघून गेली. माझं नेहमी असंच होतं. उत्तर येतं, पण प्रश्न विचारणारा घरी गेल्यावर येतं.

"नाही, खरंच काही नाही," एवढंच म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणाऱ्या मुलीकडे मुख्याध्यापिका बघते तसं. मग थर्मासचं झाकण लावलं आणि उठल्या. "चल. मलाही पाय भिजवायचेत."

त्यांनी बूट काढले, मोजे घडी करून बुटांत ठेवले, निऱ्या एका हाताने वर धरल्या. पाण्याच्या कडेला, जिथे नुसता फेस येतो, तिथे थांबल्या. पहिली लाट पायांवरून गेली तेव्हा त्या लहान मुलीसारख्या "अगंबाई" म्हणाल्या आणि एक क्षण मला त्या फार आवडल्या. तेवढ्यात त्यांना आपलं काम आठवलं.

"तू पुढे हो. किती खोल आहे बघ." मी निघाले तशा म्हणाल्या, "असं नाही. पाय नीट उचलून चाल बघू."

मला नियम माहीत होता. मी तो कार्पेटवर शिकले होते, पाटीवर वाचला होता, त्याच दिवशी पाळलाही होता. पण मागे एक बाई उभ्या होत्या, त्यांच्या आवाजात माझी आई, सगळ्या सिस्टर आणि पी.टी.च्या मिस एकत्र होत्या, आणि त्यांच्या होकारावर माझं सगळं अडलेलं. माशाच्या होकारावर काही अडलेलं नव्हतं.

मी पाय उचलला. नुसता उचलला नाही, गुडघा कंबरेपर्यंत आणला. पाय उत्तम आहेत हे दाखवायचंच तर पूर्ण दाखवावं. पाठ ताठ, हनुवटी वर, हात पुढे-मागे. बहुधा डावा हात डाव्याच पायाबरोबर. आकाशी पंजाबी ड्रेस घालून मी महासागरात मार्च-पास्ट करत शिरले. मागून आवाज आला, "हां, शाब्बास! अशी!" आयुष्यात चालण्याबद्दल मला मिळालेली ती पहिली शाबासकी. त्या आनंदात मी पुढचा पाय जरा जास्तच जोरात टाकला.

पायाखाली काहीतरी गुळगुळीत होतं आणि ते हललं.

मग दुखलं. ते कसं हे सांगता येणार नाही. आधी काहीतरी चपराक बसल्यासारखं, मग कुणी तापलेली सुई आत घालून फिरवावी तसं, आणि ते घोट्यावरून वर वर चढत गेलं. मी ओरडले, "आई गं!" एवढा मोठा आवाज माझ्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. वाळूवरचे अनोळखी लोक उभे राहिले. सीगल उडाले.

मुलाची आई निऱ्या सोडून पाण्यात शिरली.

आणि तेव्हा, जे सतरंजीवर जमलं नव्हतं ते जमलं. "मावशी, थांबा! पाय उचलू नका! ओढा! पाय ओढत या! खाली मासे आहेत, शेपटीला काटा असतो, पाऊल टाकलं की टोचतात, वाळू घासत या!" सगळी माहिती एका दमात. उशिरा, पण संपूर्ण.

त्या बाईंचं कौतुक वाटतं ते इथे. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. होत्या तिथे थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि भिजलेली साडी ओढत, तळवे घासत, उजवा-डावा, उजवा-डावा करत माझ्यापर्यंत आल्या. माझा हात खांद्यावर घेतला. मग आम्ही दोघी एकमेकींना धरून तशाच घासत बाहेर आलो.

शेगडीकडून मुलगा धावत आला होता, हातात अर्धवट भाजलेलं कणीस. त्याने आम्हा दोघींच्या पायांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आई, तुलापण?"

"मला काही झालेलं नाही. ही पद्धत आहे," त्याची आई म्हणाली.

काका मागून धापा टाकत आले. पायातून रक्त येत होतं, मी रडत होते, आणि काका म्हणाले, "पाय उचललास ना? उचललास! काय सांगितलं होतं?" त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती हे मी मान्य करते, पण तिच्यामागे समाधानही होतं. इतकी वर्षं ते एकटेच होते. काकू चटणीची बाटली घेऊन येत होत्या. त्या काकांवरच ओरडल्या, "तरी तुम्हाला सांगत होते मासा काढू नका!"

लाइफगार्ड आला. त्याने काटा आत राहिलाय का ते पाहिलं, नाही म्हणाला, आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "शफल विसरलीस?" त्याने मला लाकडी मनोऱ्याच्या पायरीवर बसवलं आणि एक बादली आणली. ह्यावर गरम पाणी हाच इलाज. सोसेल तितकं गरम, पण भाजेल इतकं नाही, आणि पाय त्यात बराच वेळ ठेवायचा. पाय आत घातल्यावर खरोखर थोड्या वेळाने ती सुई फिरायची थांबली. पण पाणी निवायला लागलं की पुन्हा सुरू. लाइफगार्ड दुसरं आणायला निघाला, तेवढ्यात मुलाच्या आईने खांद्यावरचा थर्मास उतरवला.

"गरमच पाहिजे ना? मग हे काय आहे?"

त्यांनी माझा पाय बादलीबाहेर काढायला लावला, थर्मासातलं पाणी थोडं थोडं ओतलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं कोपर बुडवून बघितलं, मग म्हणाल्या, "ठेव." निवलं की पुन्हा तसंच. मुलगा बादली धरून वाळूत बसला होता. कणीस कुठेतरी पडलं होतं.

"मग मघाशी तू पाय ओढत होतीस," मुलाची आई म्हणाली, "ती ह्या माशांसाठी?"

"हो, मावशी."

"म्हणजे पाय मुळात चांगला आहे?"

मी बादलीत पाहिलं. पाय सुजून लाल झाला होता.

"होता," मी म्हटलं.

विनोद करायचा म्हणून नव्हे, मी साधं उत्तर दिलं होतं. पण त्या एक क्षण थांबल्या आणि मग हसायलाच लागल्या. इतक्या हसल्या की कोपर बादलीत गेलं आणि विंडचीटरची बाही भिजली. काकू हसल्या, काका हसले, काही न कळता लाइफगार्ड हसला. मुलगा हसला नाही. त्याची मान खाली होती आणि बादलीतलं पाणी मात्र हलत होतं.

मग मोठी माणसं सामान आवरायला गेली आणि आम्ही दोघं आणि बादली उरलो. बऱ्याच वेळाने त्याने वर न बघता विचारलं, "आहेस ना?"

"आहे."

काकांनी परस्पर दवाखान्यात नेलं. तिथे जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घरी आल्यावर मला सोफ्यावर आडवं केलं, पाय उशीवर. पिकनिकचे बटाटेवडे आणि सावर क्रीमचं श्रीखंड सगळ्यांनी माझ्या पायाभोवती बसून खाल्लं. दाखवण्याचा कार्यक्रम ह्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर दाखवून कुणाचा झाला नसेल.

निघताना मुलाची आई दारात काकूंना म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेताने, "मुलगी बोलत नाही म्हणाला होतात. बोलते की. वेळेवर बोलत नाही, एवढंच." मग जरा थांबून, "आणि इंग्रजी शाळेतली असली तरी ओरडली मराठीत. आमचा होकार समजा." आणि दाराच्या मुठीला हात लावून, "अगंबाई, हे काय!" कार्पेटवरून पाय घासत गेल्या होत्या. नवीन पद्धत त्यांनी लगेच उचलली होती.

लग्न त्याच हिवाळ्यात भारतात झालं. नागपूरच्या घरी गृहप्रवेशाला उंबरठ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवलं होतं. उजव्या पायाने ते लवंडून आत जायचं. टोचलं होतं ते उजव्याच पायाला. जखम केव्हाच भरली होती, पण पाऊल टाकताना ते जरा दबकतं, अजूनही. आत सासरच्या सगळ्या आत्या, मावश्या, मोठ्या जाऊबाई दाटीने उभ्या होत्या आणि सगळ्यांची नजर माझ्या पायांवर. मी मापाशी आले आणि पाय जमिनीवरून सरकवायला लागले.

सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "इथे उचल गं पाय. इथे मासे नाहीत."

मग एक आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, हळू आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मासे? सून मासे खाते?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. वाक्य मनात तयार होत होतं. ते व्हायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "खात नाही. तुडवते."

मी पाय उचलला.